शेठच्या दुकानासमोर दुकान टाकायचंय? आधी नीर झुकचं करिअर बघा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा साधारण पंचवीस ते तीसच्या मधला. पाच-सहा वर्षं कुणाच्या तरी दुकानात काम केलेलं. कुणी मोबाइल रिपेअरिंगमध्ये, कुणी पेंटच्या दुकानात, कुणी बेकरीत. तो म्हणतो, "सर, सगळं काम मीच करतो. गिऱ्हाईक माझं नाव घेऊन येतं. शेठ फक्त गल्ल्यावर बसतो आणि वरून बोलतो. आता त्याच्या समोरच दुकान टाकतो आणि दाखवतो त्याला."

माझं मत आधीच सांगून टाकतो. समोर दुकान टाकण्यात गैर काहीच नाही. धंदा असाच वाढत आलाय, एका दुकानातून दुसरं निघतं. पण "दाखवतो त्याला" हे वाक्य ज्याच्या बिझनेस प्लॅनमध्ये पहिल्या पानावर असतं, त्याला मी जरा थांबवतो. शेठवरचा राग हे भांडवल नाही. त्यानं भाडं भरता येत नाही आणि माल उचलता येत नाही.

हे समजावण्यासाठी मी एका माणसाचं करिअर सांगतो. नीर झुक. सायबर सिक्युरिटीच्या जगातलं मोठं नाव. याची गोष्ट मोटिव्हेशनल व्हिडिओत "बदला घेतला आणि जिंकला" अशी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. का, ते बघू.

कोण हा नीर झुक?

जन्म १९७१, इस्रायल. तिथं लष्करी सेवा सक्तीची असते. झुक गेला युनिट ८२०० मध्ये. ही त्यांच्या लष्कराची गुप्तवार्ता गोळा करणारी, कॉम्प्युटर आणि सिग्नलवर काम करणारी तुकडी. याच तुकडीतून बाहेर पडलेल्या गिल श्वेडनं १९९३ मध्ये दोन साथीदारांबरोबर एक कंपनी काढली, चेक पॉइंट. झुक तिथं सुरुवातीच्या काळातच इंजिनिअर म्हणून लागला.

चेक पॉइंट विकत होती फायरवॉल. हा शब्द आपण ऐकलेला असतो, पण नक्की काय ते बहुतेकांना माहीत नसतं. दोन मिनिटं द्या, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

वॉचमन आणि त्याचं रजिस्टर

कंपनीचं नेटवर्क म्हणजे एक मोठी बिल्डिंग समजा. तिला हजारो दारं आहेत आणि प्रत्येक दाराला नंबर आहे. यालाच पोर्ट म्हणतात. वेबसाइटची ये-जा ८० नंबरच्या दारानं, बँकेसारख्या सुरक्षित साइटची ४४३ नंबरच्या दारानं, ईमेलची २५ नंबरच्या दारानं. फायरवॉल म्हणजे या दारांवरचा वॉचमन.

अगदी आधीचा वॉचमन प्रत्येक पाकीट सुटं सुटं बघायचा. कुठून आलं, कुठं चाललंय, कोणत्या दारानं. नियमात बसलं की सोडलं. पण त्याला स्मरणशक्ती नव्हती. "मी आतल्या साहेबांनी मागवलेलं पार्सल आहे" असं म्हणत कुणी आलं, तर खरंच मागवलं होतं का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

चेक पॉइंटनं या वॉचमनच्या हातात रजिस्टर दिलं. आतून कोण बाहेर गेलं, कुणाशी बोलणं सुरू केलं, ते लिहून ठेवायचं. बाहेरून उत्तर आलं की रजिस्टरशी ताडून बघायचं. नोंद असेल तर आत, नसेल तर बाहेर. याला स्टेटफुल इन्स्पेक्शन म्हणतात. त्याचं पेटंट गिल श्वेडच्या नावावर आहे. प्रत्यक्ष बांधणाऱ्या इंजिनिअरांमध्ये झुक होता. त्यानंतर कित्येक वर्षं जगभरच्या फायरवॉल याच पद्धतीनं चालल्या.

इथं आपल्या बॅचमधला मुलगा आठवा. "काम मी करतो, नाव शेठचं." झुकची परिस्थिती फार वेगळी नव्हती.

दोन वेळा बाहेर

झुक पुढे अमेरिकेत आला. तिथं बसून त्याला नवीन काही बनवायचं होतं आणि मुख्य ऑफिसशी ते जमलं नाही. १९९९ मध्ये तो चेक पॉइंटमधून बाहेर पडला.

मग वनसिक्युअर नावाच्या कंपनीचा तो सहसंस्थापक झाला. हल्ला झाल्याची नुसती घंटा वाजवण्यापेक्षा तो जागेवरच अडवणारं यंत्र ही त्या कंपनीची कल्पना. २००२ मध्ये ही कंपनी नेटस्क्रीननं विकत घेतली आणि झुक नेटस्क्रीनचा चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर झाला. २००४ मध्ये ज्युनिपरनं नेटस्क्रीन घेतली, सुमारे ४०० कोटी डॉलरला. झुक आता एका फार मोठ्या कंपनीतला मोठा अधिकारी होता. चांगलं पद, चांगला पगार. तिथंही त्याचं मन लागलं नाही. २००५ मध्ये तो बाहेर पडला आणि काही साथीदारांबरोबर पालो आल्टो नेटवर्क्स सुरू केली.

आता मजेशीर भाग. अमेरिकेत जादा पैसे भरून गाडीच्या नंबर प्लेटवर आपल्याला हवी ती अक्षरं घेता येतात. झुकनं आपल्या गाडीवर लावून घेतली ती अक्षरं होती "चेक पॉइंट किलर" हे शब्द आखडून केलेली. म्हणजे जुन्या शेठला संपवणारा! ही प्लेट इतकी गाजली की झुकवरच्या लेखांत ती हमखास येते.

म्हणूनच सगळे म्हणतात, बघा, रागातून कंपनी उभी राहिली. मी म्हणतो, रागातून नंबर प्लेट मिळाली. कंपनी कशातून उभी राहिली ते आता बघू.

२००५ मध्ये त्याला काय दिसलं?

पुन्हा बिल्डिंगकडे चला. वॉचमनकडे रजिस्टर आलं, पण तो अजूनही दाराच्या नंबरावरच विश्वास ठेवत होता. नियम सरळ होता. ८० नंबरचं दार उघडं ठेवा, कारण स्टाफला इंटरनेट लागतं. बाकीची बहुतेक बंद.

दरम्यान लोकांच्या सवयी बदलल्या. स्काइप आलं, चॅटिंगचे मेसेंजर आले, गाणी आणि सिनेमे उतरवायची सॉफ्टवेअर आली. ही सॉफ्टवेअर बनवणारे हुशार. त्यांच्या लक्षात आलं की ऑफिसांत बाकीची दारं बंद असतात, पण ८० नंबरचं कायम उघडं असतं. मग सगळे त्याच दारानं ये-जा करायला लागले. वॉचमन काय बघणार? "८० नंबर आहे ना? जाऊ द्या." त्याच्या रजिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित. आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

झुकनं आणि त्याच्या टीमनं ठरवलं की जुन्या वॉचमनला अजून एक वही द्यायची नाही. कामच बदलायचं. दाराचा नंबर सोडा. आत येणारी गोष्ट खरोखर काय आहे ते ओळखा, मग ती कोणत्याही दारानं येवो. ती कोण वापरतंय ते बघा, नुसता मशीनचा पत्ता नको, माणूस कोण ते हवं. आणि ती सोबत काय घेऊन आलीये ते तपासा. या तीन गोष्टींना त्यांनी नावं दिली ॲप-आयडी, युझर-आयडी आणि कंटेंट-आयडी. पहिलं यंत्र २००७ मध्ये बाजारात आलं.

लक्षात घ्या, ही कल्पना शेठला शिव्या देऊन सुचत नाही. ऑफिसात बसलेला माणूस दिवसभर कॉम्प्युटरवर नक्की काय करतो, हे बघितलं की सुचते. चेक पॉइंट, ज्युनिपर, सिस्को या सगळ्यांकडे हुशार इंजिनिअर होते आणि पैसाही होता. पण त्यांचं चालू प्रॉडक्ट जोरात विकलं जात होतं. चालू धंद्यात माणूस नियमांत सुधारणा करत राहतो, नियमच जुना झालाय हे मान्य करायला वेळ लावतो. झुकनं जुनी फायरवॉल स्वतः बांधली होती, म्हणून ती कुठं आंधळी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. जुन्या नोकरीतून त्यानं नेलेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच होती.

आता स्वतःकडे या. शेठच्या दुकानात पाच वर्षं उभं राहून तुम्ही काय बघितलंत? कोणतं गिऱ्हाईक काय विचारून रिकाम्या हातानं परत गेलं? पेंटच्या दुकानात बाया येऊन "हा रंग भिंतीवर कसा दिसेल" विचारतात आणि शेठ नुसतं शेडकार्ड पुढे सरकवतो. मोबाइल रिपेअरिंगला आलेला माणूस "माझे फोटो जाणार नाहीत ना?" विचारतो आणि कुणी धड उत्तर देत नाही. बेकरीत कुणीतरी विचारतं, अंड्याशिवायचा अर्धा किलोचा केक आज संध्याकाळी मिळेल का? "उद्या या."

हे "उद्या या" जिथं जिथं ऐकलंत, तिथं तुमचं दुकान आहे. तोच माल, तोच भाव, तोच बोर्डाचा रंग, फक्त रस्त्याच्या पलीकडे, असं दुकान टाकलंत तर गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडायचं कारण काय?

विकलं कसं?

मला झुकच्या करिअरपेक्षाही त्याच्या कंपनीची विक्रीची पद्धत जास्त आवडते, कारण ती आपल्याला उद्यापासून वापरता येते.

कल्पना करा, मोठ्या बँकेत गेलात आणि म्हणालात, "तुमची फायरवॉल काढा, आमची बसवा." कोण ऐकणार? चालू दरवाजा काढून नवीन लावायची भीती प्रत्येकाला असते. मग पालो आल्टोवाले म्हणायचे, जुनं काहीच काढू नका. आमचं यंत्र बाजूला नुसतं बघत बसू द्या. ते काही अडवणार नाही, फक्त नोंद घेईल. काही दिवसांनी ते एक रिपोर्ट काढून द्यायचे. तुमच्या ऑफिसात कोणकोणती ॲप्लिकेशन चालतात, किती वापर होतो, त्यात धोक्याची कोणती. आयटीचा साहेब यादी वाचून गप्प व्हायचा, कारण आपल्या नेटवर्कवर हे सगळं चालतंय हे त्यालाच ठाऊक नसायचं.

आधी गिऱ्हाइकाला त्याची स्वतःची अडचण त्याच्याच घरात दाखवायची. किंमत नंतर. तुम्ही वॉटर प्युरिफायर विकत असाल तर आधी त्यांच्या नळाचं पाणी टीडीएस मीटरनं मोजून दाखवा. अकाउंटिंगचं काम घेत असाल तर त्यांच्या एका महिन्याच्या उधारीची यादी फुकट करून द्या. ब्रोशर छापण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि समोरच्याला ते खरं वाटतं.

आणि मग कोर्टाची नोटीस आली

बदल्याची गोष्ट सांगणारे लोक हा भाग गाळतात. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

डिसेंबर २०११. पालो आल्टो नेटवर्क्सची शेअर बाजारात यायची तयारी चालू होती. तेवढ्यात ज्युनिपरनं अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात दावा लावला की तुमच्या यंत्रांत आमची पेटंट वापरलीत. ही पेटंट ज्युनिपरकडे नेटस्क्रीनच्या खरेदीबरोबर आली होती. त्यातल्या काहींवर शोध लावणारा म्हणून नाव कुणाचं? नीर झुकचं आणि त्याच्या एका सहसंस्थापकाचं.

थोडं थांबून विचार करा. डोकं याचं. शोध यानं लावला. कागदावर नाव याचं. पण मालकी कंपनीची, आणि ती कंपनी विकली गेल्यावर नव्या मालकाची. एवढंच नाही. असा दावा आला की कंपन्या सहसा म्हणतात, "हे पेटंटच खरं नाही, यात नवीन काही नाही." झुकच्या कंपनीला तेही म्हणू दिलं गेलं नाही. तिथल्या कायद्याचं तत्त्व असं की जो शोध तुम्हीच लावून दुसऱ्याच्या नावे करून दिलात, तो फुसका आहे असं तुम्ही नंतर म्हणू शकत नाही.

२०१४ मध्ये खटला ज्युरीसमोर चालला. ज्युरीचं एकमत झालं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तडजोड झाली. पालो आल्टोनं ७.५ कोटी डॉलर रोख आणि सुमारे १० कोटी डॉलरचे शेअर आणि वॉरंट दिले. एकूण १७.५ कोटी डॉलर. तोपर्यंत कंपनी मोठी झाली होती, २०१२ मध्येच शेअर बाजारात आली होती, म्हणून हा घाव सोसला. लहान कंपनी असती तर शटर पडलं असतं.

आपल्याकडे पेटंटचा प्रश्न सहसा येत नाही, पण तत्त्व तेच. म्हणून मी बॅचमध्ये दोन याद्या करायला लावतो.

बरोबर नेता येतं ते: तुमचा हात, अनुभव, मालाची पारख, होलसेलरशी बोलायची पद्धत, गिऱ्हाइकाशी वागणं, कोणत्या सीझनला काय खपतं याची समज. हे कुणाच्या बापाचं नाही, तुमचं आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ बघा. कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल मानला जातो. त्यामुळे "नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या लाइनमध्ये काम करणार नाही" असं शेठनं लिहून घेतलं असलं, तरी सहसा ते टिकत नाही. झुक ज्या कॅलिफोर्नियात होता तिथला कायदाही याच बाजूचा आहे. तिथं एवढ्या कंपन्या एकातून दुसरी अशा फुटत गेल्या, त्यामागे हे एक कारण आहे.

बरोबर नेता येत नाही ते: शेठच्या कॉम्प्युटरमधली गिऱ्हाइकांची यादी, रेट काढायची एक्सेल शीट, नोकरीत असताना तुम्हीच बनवलेलं डिझाइन किंवा सॉफ्टवेअर, दुकानाचं नाव किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची असते. "पण सर, ते मीच बनवलंय" हे उत्तर झुककडेही होतं. पैसे भरावेच लागले.

दुकान मोठं असेल, रक्कम मोठी असेल, काही सही करून दिलेलं असेल, तर वकिलाला दोन तास द्या. त्याची फी ही दुकानाच्या फर्निचरपेक्षा कमीच असते.

खुर्चीचा मोह

अजून एक गोष्ट. शेठवर रागावून निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी काय हवं असतं? शेठची खुर्ची. केबिन, गल्ला, "मालक" म्हणून हाक.

झुक पालो आल्टोमध्ये चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर म्हणून ओळखला गेला. कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा सीईओ होते मार्क मॅकलॉक्लिन. २०१८ पासून सीईओ आहेत निकेश अरोरा, आपल्या गाझियाबादचे. झुक प्रॉडक्टकडे बघत राहिला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाला. वीस वर्षं. कंपनी स्वतःची, पण चालवायला आपल्यापेक्षा योग्य माणूस बसवला आणि आपण आपल्याला जमणारं काम केलं.

आपल्याकडे पार्टनरशिप मोडण्याचं मोठं कारण हेच असतं की दोघांनाही गल्ल्यावर बसायचं असतं आणि मागं वर्कशॉपमध्ये कुणालाच बसायचं नसतं. तुमचा हात चांगला आहे ना? मग हिशेब आणि वसुली बघणारा माणूस शोधा, भले तो घरातला असो. पण हातातलं काम सोडून साहेब होऊ नका. गिऱ्हाईक त्या हातासाठीच येणार आहे.

"सर, राग नसता तर तो बाहेरच पडला नसता"

हे मला कुणीतरी म्हणणारच. आणि त्यात तथ्य आहे. राग उंबरठा ओलांडायला उपयोगी पडतो. पण उंबरठ्याच्या बाहेर रोज सकाळी शटर उघडायचं असतं, आणि ते काम रागाच्या जोरावर सहा महिनेही होत नाही.

हिशेब बघा. त्या नंबर प्लेटप्रमाणे चेक पॉइंट संपायला हवी होती. ती संपली? गिल श्वेड २०२४ च्या डिसेंबरपर्यंत सीईओ होता, म्हणजे तीस वर्षांहून जास्त. २०२४ मध्ये कंपनीचं उत्पन्न अडीचशे कोटी डॉलरच्या वर होतं. झुकची कंपनी त्याच्या तिप्पट पुढे गेली हे खरं, जुलै २०२५ ला संपलेल्या वर्षात सुमारे ९२० कोटी डॉलर. पण हे पैसे चेक पॉइंटच्या खिशातून काढलेले नाहीत. बाजारच मोठा झाला. समजा झुक फक्त चेक पॉइंटची गिऱ्हाइकं फोडत बसला असता, तर एवढी मोठी कंपनी झाली असती का? मला नाही वाटत.

अजून एक प्रामाणिक फरक सांगायला हवा, नाहीतर हा लेखही त्या मोटिव्हेशनल व्हिडिओसारखाच होईल. झुककडे ग्रेलॉक आणि सिकोया या गुंतवणूक कंपन्यांचा पैसा होता. ग्रेलॉकमधले असीम चांदना पूर्वी चेक पॉइंटमध्येच होते. म्हणजे जुन्या नोकरीतली ओळख नव्या धंद्याला भांडवल देऊन गेली. पहिलं यंत्र विकायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत पगार गुंतवणूकदारांच्या पैशातून झाले. आपल्याकडे दोन वर्षं कोण थांबणार? घरभाडं आहे, पोरांची फी आहे, ईएमआय आहे. त्यामुळे झुकसारखी थेट उडी मारू नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणि निघताना भांडून निघू नका. पुढं उधारीवर माल देणारा होलसेलर तुमच्या जुन्या शेठलाच फोन लावून विचारणार आहे, "पोरगा कसा आहे हो?" त्या फोनवर शेठ काय बोलेल, ते तुमच्या शेवटच्या महिन्यावर ठरतं.

आणि जे आज शेठ आहेत त्यांच्यासाठी

आपल्या वाचकांत दुकान असलेलेही बरेच आहेत. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून हे आपल्या दोघांसाठी. तुमच्या दुकानातला चांगला पोरगा जेव्हा म्हणतो, "शेठ, आपण हे पण ठेवूया का?" तेव्हा तो तुम्हाला बाजाराची बातमी फुकट देत असतो. प्रत्येक कल्पना मान्य करा असं मी म्हणत नाही. पण छोटा प्रयोग करून बघायला एक कपाट द्या, पाच हजारांचा माल द्या, नफ्यात वाटा द्या. चेक पॉइंटला नवं काही बनवू पाहणारा इंजिनिअर सांभाळता आला नाही आणि पुढची वीस वर्षं तो समोरच्या दुकानात उभा राहिला. आपल्याला तर एवढंही सोसणारं नाही.

आज रात्री एवढं करा

एक कागद घ्या. चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. गेल्या महिन्यात शेठच्या दुकानातून कोणकोणती गिऱ्हाइकं परत गेली, आणि काय मागत होती?

२. त्यातली कोणती गोष्ट मी शेठपेक्षा वेगळ्या पद्धतीनं देऊ शकतो? नुसती स्वस्त नाही, वेगळी.

३. निघताना माझ्याबरोबर काय येणार आहे, आणि काय त्या दुकानातच ठेवायचंय?

४. उद्या शेठनं दुकान बंद करून गाव सोडलं, तरी मला हे दुकान टाकायचंय का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर तुम्हाला दुकान नकोय, शेठची जिरवायची आहे. मग अजून थोडे दिवस नोकरी करा आणि पहिल्या प्रश्नाची यादी वाढवा. उत्तर "हो" आलं, तर समोर टाका, शेजारी टाका, मला काही अडचण नाही.

पहिल्या प्रश्नाचं तुमचं उत्तर कमेंटमध्ये लिहा. शेठचं आणि दुकानाचं नाव लिहू नका, फक्त परत गेलेल्या गिऱ्हाइकाची मागणी लिहा. चांगल्या उत्तरांवर पुढच्या व्हिडिओत बोलू, आणि त्यातल्या एखाद्या मागणीवर दुकान कसं उभं करायचं, त्याचा खर्चाचा हिशेबही फळ्यावर मांडून दाखवतो.

भेटू मग. धंद्यात लक्ष ठेवा.